कोर्दोबाला दोन तास पुरत नाहीत

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत स्पेनच्या सहलीवरचा लेख वाचला. लेख वाचनीय आहे, फोटोही झकास. पण तिसऱ्या रकान्यातल्या एका वाक्यापाशी मी अडलो आणि हातातला चहा गार झाला. माद्रिदहून सेव्हिलला जाताना वाटेत कोर्दोबा लागतं आणि तिथली मशीद पाहायला दोन तास पुरे होतात, असं ते वाक्य आहे. लेखिकाबाईंशी माझं भांडण नाही. त्यांना तेवढंच दाखवलं असणार. मलाही एकदा तेवढंच दाखवलं होतं, म्हणून हे पत्र.

मी बांधकाम खात्यातला निवृत्त ओव्हरसियर. उभी हयात पूल, मोऱ्या आणि शाळांच्या इमारतींवर गेली. इतिहास माझा विषय नाही, पण एखादी भिंत कशाच्या जिवावर उभी आहे हे कळल्याशिवाय तिच्यापासून माझा पाय निघत नाही. अशा माणसाने एका मोठ्या कंपनीच्या सहलीतून कोर्दोबाला जाऊ नये. पहिल्या खेपेला आम्ही गेलो. बसने पावणेबाराला नदीपलीकडे उतरवलं. पूल चालत ओलांडला, पण पुलावर थांबायचं नाही अशी सूचना होती. मशिदीत पन्नास मिनिटं. प्रत्येकाच्या कानात ऐकायचं यंत्र, त्यात मार्गदर्शकाचा आवाज, आणि तो आवाज नेहमी आमच्या दोन खांब पुढे. एका कमानीकडे बोट दाखवून मी विचारलं, हिचा भार जातो कुठे? उत्तर मिळालं, ‘सर, इथून फोटो फार छान येतो.’ तेवढ्यात आमच्या सौ. हरवल्या. ८५६ खांबांत, तेही सगळीकडून सारखेच दिसणाऱ्या, एक बायको शोधायची म्हणजे काय ते ज्याने केलंय त्यालाच ठाऊक. पन्नासातली वीस मिनिटं त्यात गेली. त्या शांतपणे एका कोपऱ्यात उभ्या राहून छत पाहत होत्या आणि वर मलाच म्हणाल्या, ‘तुम्ही कुठे होतात?’ उरलेला वेळ पंखे आणि चुंबक विकणाऱ्या दुकानात. सव्वा वाजता बस सुटली. म्हणजे शहरात उन्हं माथ्यावर आली, गर्दी सगळ्यात दाट झाली, तेव्हा आम्ही पोचलो आणि शहर जेवायला बसायच्या आत निघालोसुद्धा.

गेल्या वर्षी एप्रिलच्या मध्यावर आम्ही दोघं परत गेलो, आमचे आम्ही. माद्रिदच्या आतोचा स्टेशनवरून वेगवान गाडीने पावणेदोन तास लागतात. ही माद्रिद-सेव्हिल गाडी १९९२ सालची, स्पेनमधली अशी पहिली. दोन रात्री मुक्काम आणि मधला अख्खा गुरुवार मोकळा. सोमवार मुद्दाम टाळला, कारण त्या दिवशी सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनाघर) आणि राजवाडा बंद असतो. (पुरवणीत ही चौकट यायला हवी होती. दारापर्यंत जाऊन परतलेली माणसं मी पाहिली आहेत.)

सकाळी सव्वाआठला आम्ही मशिदीच्या संत्र्यांच्या अंगणात हजर. आम्ही गेलो तेव्हा सोमवार ते शनिवार साडेआठ ते साडेनऊ प्रवेश फुकट होता, आणि मुख्य म्हणजे त्या तासाला गटांना आत सोडत नव्हते. एरवी तिकीट तेरा युरो होतं. पैसे वाचतात हे ठीक, पण त्या तासाचं मोल वेगळंच. आत शंभर माणसंही नव्हती. दिव्यांच्या मंद पिवळ्या उजेडात खांबांच्या रांगा चारही दिशांना निघून जात होत्या आणि आपल्याच पावलांचा आवाज ऐकू येत होता. अंगणात संत्र्याच्या झाडांच्या रांगा आहेत, बुंध्याभोवती पाण्याचे पाट काढलेले. मूळ मशिदीची ही बाजू अंगणाकडे उघडी होती, त्यामुळे बाहेर झाडं आणि आत खांब अशी एकच ओळ चालत असणार. पुढे त्या कमानी बऱ्याच ठिकाणी भिंती घालून बुजवल्या.

आता माझा जुना प्रश्न, तो भार. पुरवणीत ‘मोहक दुहेरी कमानी’ एवढंच आहे. त्या दुहेरी का आहेत, ते सांगतो. पहिल्या अब्द अल-रहमान या इथल्या अमिराने इ. स. ७८५च्या सुमारास काम काढलं तेव्हा खांब नवे घडवले नाहीत. पडक्या रोमन आणि त्यांच्यामागून आलेल्या व्हिसिगॉथ लोकांच्या इमारतींचे होते तेच आणून उभे केले. कुणी संगमरवरी, कुणी ग्रॅनाइटचा, एक गुलाबी तर शेजारचा करडा, डोक्यावरचं कोरीव कामही एकाचं दुसऱ्याशी जुळत नाही. उंचीही कमी-जास्त, म्हणून काही खांबांखाली बैठक आहे आणि काही तसेच जमिनीत खोल बसवले आहेत. एवढं करूनही खांब पडले आखूड. त्यावर छत टाकलं असतं तर एवढ्या मोठ्या जागेत माणसाला तळघरात उतरल्यासारखं वाटलं असतं. मग त्या कारागिराने खांबाच्या डोक्यावर आणखी एक चौकोनी खांब चढवला, खालच्यापेक्षा जाड. खाली बारीक, वर जाड, म्हणजे आम्हाला शिकवलं त्याच्या बरोबर उलट! अशी उतरंड वाऱ्यानेसुद्धा डुलेल. ती डुलू नये म्हणून मधोमध, खालच्या खांबाच्या डोक्याशी, घोड्याच्या नालासारखी कमान. छताचा भार हिच्यावर येत नाही. तो वरच्या अर्धगोल कमानीतून खांबांत आणि खांबांतून सरळ जमिनीत उतरतो. खालची कमान खांबांना एकमेकांना धरून ठेवते, इतकंच. तिच्यावर भिंतच नाही, वर नुसती मोकळी जागा सोडली आहे, म्हणून सगळं हलकं दिसतं. रोमन लोक पाण्याचे उंच पाट असेच एकावर एक कमानी चढवून नेत. मेरिदा गावी तसला एक अजून उभा आहे, त्यातही वीट आणि दगड आलटून पालटून लावलेत. तो पाहून हे सुचलं, असं जाणकार मानतात. मी मान वर करून तिथे किती वेळ उभा होतो कोण जाणे. सौं.नी खुणेनं घड्याळ दाखवलं, पण या वेळी त्या हरवल्या नाहीत. माझी बाही धरूनच उभ्या होत्या.

कमानीतले लाल-पांढरे पट्टे म्हणजे आळीपाळीने लाल विटा आणि पांढरा चुनखडीचा दगड. हे पहिल्या बांधकामात. त्यानंतर मशीद तीनदा वाढली. शेवटची वाढ अल-मन्सूर या वजिराने ९८७च्या सुमारास पूर्वेकडे केली आणि ती सगळ्यात मोठी आहे. तिथे गेल्यावर मला काहीतरी खटकलं. पट्टे आहेत, पण विटांचा सांधा कुठे दिसेना. खिशातली छोटी दुर्बीण काढली (ती मी पुलांच्या तपासणीपासून जवळ बाळगतो) आणि पाहिलं तर एका कमानीवर रंग विरला होता, खाली सलग दगड. वीट नाहीच! संपूर्ण कमान दगडाची आणि तिच्यावर लाल रंगाचे पट्टे ओढलेले. काम उरकायची घाई असणार. अशी घाई मी फार जवळून पाहिली आहे, त्यामुळे हजार वर्षांपूर्वीच्या त्या मुकादमाशी माझी तत्काळ ओळख पटली. त्याच मशिदीत एका भिंतीवर पाथरवटांच्या खुणांचे ठसे मांडून ठेवले आहेत. खांबांवर त्या लोकांनी कोरलेली, कुठे नाव, कुठे नुसतं चिन्ह. खलिफाचं नाव मिहराबवर (प्रार्थनेची दिशा दाखवणाऱ्या कोनाड्यावर) सोन्यात आहे. ही नावं बोटभर उंचीची आणि ओबडधोबड. मिहराबही पाहण्यासारखा आहेच, बायझंटाइन सम्राटाने धाडलेल्या काचेच्या तुकड्यांचं काम आहे आणि सकाळच्या दिव्यांत ते लुकलुकतं. पण त्याबद्दल पुरवणीत भरपूर आलंय, मी थांबतो.

मधोमध जे कॅथीड्रल, म्हणजे बिशपचं मोठं चर्च, आहे त्यावर मात्र लिहिलंच पाहिजे. १२३६ साली तिसऱ्या फर्नांदो या कास्तीलच्या ख्रिस्ती राजाने शहर घेतलं आणि मशिदीचं चर्च झालं, पण पुढची जवळजवळ तीनशे वर्षं इमारतीच्या पोटाला फारसा धक्का लागला नाही. १५२३ साली बिशपने मधले खांब काढून उंच कॅथीड्रल उभारायचं ठरवलं. गावच्या नगरसभेला ते मान्य नव्हतं. तिने फर्मान काढलं की बांधकाम पाडायला जो कारागीर हात लावेल त्याला देहदंड. शेवटी पाचव्या चार्ल्स राजाने बिशपच्या बाजूने कौल दिला आणि काम सुरू झालं. त्या गवंड्यांची कल्पना करा. एक साहेब म्हणतो पाड, दुसरा म्हणतो पाडशील तर मरशील! बाप, मुलगा आणि नातू, तिघांचंही नाव एर्नान रुइस, असे तीन पिढ्या या कामावर खपले, आणि काम उरकायला १६०७ साल उजाडलं. पुष्कळ लोक म्हणतात की कॅथीड्रलने मशिदीचा विचका केला. मला तसं सरसकट म्हणवत नाही. नव्या उंच भिंतींचा रेटा आजूबाजूच्या जुन्या कमानींशी इतका बेमालूम सांधला आहे, की सांधा शोधायला मला दुर्बीण लागली. आणि कॅथीड्रल आत नसतं तर पुढच्या शतकांत ही मशीद जागेवर राहिली असती का, हाही प्रश्न आहेच.

साडेनऊला पहारेकऱ्यांनी नम्रपणे बाहेर काढलं. घंटाघराचा मनोरा ५४ मीटर उंच आहे आणि त्याच्या पोटात जुन्या मशिदीचा मिनार दडलेला आहे. पण आमच्या दोघांच्या मिळून चार गुडघ्यांपैकी तीन नादुरुस्त, तेव्हा खालूनच नमस्कार केला. समोरच्या गल्लीत नाश्ता केला: भाजलेला पाव, त्यावर कुस्करलेला टोमॅटो आणि वर ऑलिव्ह तेलाची धार. सौ. म्हणाल्या, घरी रोज चालेल. मी हो म्हटलं नाही.

तिथून ज्यू वस्ती. पांढऱ्याफेक भिंती आणि दोन माणसं समोरासमोर आली की एकाने अंग चोरायचं अशा गल्ल्या. सिनेगॉग १३१५चं आहे, एका खोलीएवढं. युरोपीय संघाच्या नागरिकांना फुकट आणि आम्हाला तीस सेंट. हो, तीस सेंट! मी ऐटीत पन्नास युरोची नोट पुढे केली. खिडकीतल्या बाईंनी आधी नोटेकडे, मग माझ्याकडे, मग आढ्याकडे पाहिलं. सौं.नी पर्समधून साठ सेंट मोजून ठेवले, प्रकरण मिटलं. आत भिंतींवर गिलाव्यात कोरलेली नक्षी आणि तिच्या कडेने हिब्रू अक्षरं, आणि नक्षी हुबेहूब मुसलमानी धाटणीची. १४९२ साली ज्यूंना स्पेनमधून हाकलल्यावर या खोलीत पिसाळलेल्या कुत्र्यांनी चावलेल्यांचा दवाखाना होता, पुढे चांभारांच्या संघाचं प्रार्थनाघर झालं. एकोणिसाव्या शतकात वरचा गिलावा निघाला तेव्हा खालची अक्षरं दिसली. पुढच्या चौकात मायमोनिडीसचा पुतळा बसलेला आहे. त्याच्या सपातीला हात लावला की अक्कल येते म्हणतात, त्यामुळे ती सपाती घासून घासून लखलखीत झाली आहे. हा ज्यू वैद्य आणि तत्त्वज्ञ इथलाच, आणि इब्न रुश्द हा मुसलमान तत्त्वज्ञही इथलाच, ११२६चा जन्म. दोघांनाही हे गाव सोडावं लागलं. एक कैरोत वारला, दुसरा माराकेशमध्ये. सपातीला हात मी लावला. परिणाम सौं.ना अजून दिसलेला नाही.

ख्रिस्ती राजांच्या आल्काझारमध्ये, म्हणजे राजवाड्यात, तासभर गेला. तिथे रोमन फरशीचित्रं आहेत, कोरेदेरा चौकाखाली खणताना निघालेली, ती भिंतीला लावून ठेवली आहेत. बाग सुरेख. पुरवणीत म्हटलंय की कोलंबस ‘इथूनच निघाला’. तो निघाला पालोस बंदरातून, १४९२ साली. कोर्दोबाला त्याने १४८६ साली राजा-राणीची भेट घेतली, आणि त्यानंतर त्याला सहा वर्षं खेटे घालावे लागले. सरकारी मंजुरीचा वेग पाहता मला हे अगदी पटलं.

जेवणाबद्दल एकच सांगतो. साडेबाराला हॉटेलात जाऊन बसू नका. स्वयंपाकघर सुरू नसतं, वाढपी तुमची कीव करतो. दोननंतर गेलात तर सगळं गाव तिथे असतं. शाकाहारी माणसाचंही इथे छान भागतं. साल्मोरेखो म्हणजे टोमॅटो, पाव, लसूण आणि ऑलिव्ह तेल एकत्र वाटून केलेलं दाट थंडगार सार. वर उकडलेलं अंडं आणि डुकराच्या मांसाचे कण पेरतात, म्हणून आधीच ‘सिन हामोन’ (हे मांस नको) म्हणावं, अंडं चालत नसेल तर तेही सांगावं. दुसरी वांग्याची तळलेली कापं, त्यावर ‘मध’ येतो. तो मध मधमाशीचा नसतो, उसाची काकवी असते! वांगं आणि काकवी. मी तीनदा मागवली.

त्यानंतर पुरवणीवाले ज्या वेळेला ‘मृत वेळ’ म्हणतात ती येते. दुकानांची दारं खाली, रस्त्यात कुत्रं नाही. आम्ही खोलीवर जाऊन साडेपाचपर्यंत झोपलो. माझं म्हणणं असं की ही झोप हासुद्धा कोर्दोबा पाहण्याचाच भाग आहे. ती घेतली नाही तर संध्याकाळी अंगात जीव राहत नाही, आणि खरं शहर संध्याकाळी बाहेर येतं. इथे लेखिकाबाईंची एक गोष्ट मान्य करतो. जुलै-ऑगस्टात पारा चाळिशीच्या पार जातो. तेव्हा दोन तासही जास्तच आहेत.

सहा वाजता सान बासिलिओ भागात गेलो. इथल्या घरांच्या अंगणांना पातिओ म्हणतात, आणि त्यांचा उत्सव २०१२ साली युनेस्कोच्या अमूर्त वारसा यादीत आला. मे महिन्यात त्यांची स्पर्धा असते, १९२१पासूनची, आणि तेव्हा रांगा लागतात. आम्हाला एप्रिलात रांग नव्हती. एका अंगणात साठीची एक बाई पाणी घालत होती. भिंतीवर पार वरच्या मजल्यापर्यंत निळ्या कुंड्या टांगलेल्या, त्यात लाल-गुलाबी जिरेनियम. लांब वेताच्या काठीच्या टोकाला पत्र्याचा डबा बांधलेला. विहिरीशेजारच्या हौदात तो बुडवायचा, काठी हात-हात सरकवत वर न्यायची आणि मनगट जरा फिरवलं की बरोबर त्याच कुंडीत धार. एक थेंब भिंतीवर नाही. मी हातवारे करून ‘मला द्या’ म्हटलं. तिने दिली. माझा पहिला डबा कुंडीत गेला नाही, माझ्या चष्म्यावर आला. ती बाई आणि आमच्या सौ. यांना एकमेकींची भाषा येत नसताना दोघी माझ्याबद्दल बराच वेळ बोलल्या. पायाखाली नदीतले गोटे उभे रोवून केलेली फरसबंदी होती, काळ्या-पांढऱ्या नक्षीची, आणि तिचा उतार असा काढलेला की सांडलेलं पाणी मोरीकडेच गेलं. उतार मी डोळ्यांनी मोजला. चोख होता.

आणि मग तो पूल, ज्यावर पहिल्या खेपेला थांबायचं नव्हतं. सोळा कमानी. रोमन म्हणतात, पण बहुतेक कमानी नंतर पुन्हा पुन्हा बांधलेल्या, जसं कुठल्याही चालू पुलाचं होतं. आता गाड्यांना बंदी आहे. मध्यावर सान राफाएल या देवदूताची १६५१ची मूर्ती, पायाशी मेणबत्त्या, आणि येणारी-जाणारी म्हातारी माणसं चालता चालता छातीवर क्रूस काढतात. हा शहराचा राखणदार. खाली ग्वादाल्किविर नदीच्या काठाला आल्बोलाफिया नावाचा मोठा राहाट आहे. राजवाड्याला पाणी चढवणारा हा राहाट शहराच्या जुन्या शिक्क्यावरही होता. त्याच्या करकरीने इसाबेला राणीची झोपमोड होई म्हणून तिने तो उतरवायला लावला, असं सांगतात. आज दिसतं ते चाक नंतर नव्याने केलेलं. नदीतल्या बेटांवरच्या झाडांत बगळे मुक्कामाला येत होते, झाड पांढरं होईपर्यंत. सूर्य मावळला नऊच्या सुमारास. तोवर आम्ही कठड्याला टेकून उभे होतो. उठा म्हणणारं कुणी नव्हतं.

रात्री तेंदियास चौकात घड्याळाचे ठोके ऐकले. ठोक्यांऐवजी गिटार वाजते, इथल्या फ्लामेंको संगीताची. दहा वाजले होते आणि बाबागाड्यांतली पोरं टक्क जागी होती.

तेव्हा विनंती एवढीच, की पुढच्या लेखात कोर्दोबासमोर ‘दोन तास’ छापू नका. ‘एक दिवस, सकाळी साडेआठपासून’ असं छापा. खांबांचा आकडाही आपल्याकडे ‘हजाराहून अधिक’ आलाय. आज उभे आहेत ते ८५६, कॅथीड्रलने बाकीचे खाल्ले.

आणि एक राहिलंच. पान दोनवरच्या मोठ्या फोटोखाली ‘लाल विटांच्या कमानी’ अशी ओळ आहे. फोटोतले खांब सगळे एका मापाचे आहेत आणि पट्ट्यांत सांधा दिसत नाही. तो फोटो अल-मन्सूरच्या भागातला आहे. त्या विटा नाहीत, तो रंग आहे.

कळावे,
आपला,
एक निवृत्त ओव्हरसियर
(नाव छापू नये. सौं.ची तशी इच्छा आहे.)